काजळची पकड

१

दहा दिवस उलटले आणि काजळ धडधाकट राहिली, हाच आता तिचा गुन्हा ठरला होता.

चावलेल्या कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवायचे. पिसाळलेले असेल तर तेवढ्या मुदतीत ते स्वतःच मरते, हा नियम डॉ. तुळशीबाईंनी पशुवैद्यकीय खात्यातल्या बत्तीस वर्षांत शेकडो लोकांना समजावून सांगितला होता. काजळ दहाही दिवस पोटभर जेवली, पाणी प्यायली, लोकांना पाहून शेपटी हलवत राहिली. रोग नव्हता, हे उघड झाले.

"रोग नसताना मालकाला चावली, म्हणजे डोक्यातून गेली ना, फुई?" भूपेश म्हणाला. "आज तिला शेवटची सुई द्या. मी दुसऱ्या कुणाला बोलावणार नाही. तुम्ही द्या, म्हणजे तिला त्रास होणार नाही."

तुळशीबाई भूपेशच्या आत्या. त्या भाच्याच्या सारंगखेड्याच्या मळ्यात, नव्या घराच्या ओट्यावर ताठ बसल्या होत्या. वय बहात्तर. सुती पातळ, मनगटावर जुने घड्याळ, मांडीवर चामड्याची पेटी. सारंगखेड्याच्या बाजारात त्यांनी वीस वर्षे घोडे तपासले होते. घोड्याचे दात पाहून त्या वय सांगत आणि विकणाऱ्याचा चेहरा पाहून उरलेले सगळे, अशी त्यांची ख्याती होती. घरातली माणसे आपसांत अहिराणीत बोलत. पण तुळशीबाई पेटी घेऊन आल्या की शुद्ध मराठीत बोलत आणि समोरच्यानेही तसेच बोलावे अशी त्यांची अपेक्षा असे. ती मोडण्याची कुणाची छाती नव्हती.

"कसं घडलं ते सांग. पहिल्यापासून."

"रविवारी सकाळी, सात वाजता. रुपा आमच्या पोरीला, चेतनाला घेऊन प्रकाशा गावी माहेरी गेली होती. गडी हिलाल दूध घालायला डेअरीत. मी पाणी द्यायला पिंजरा उघडला. शर्टाची बाही वर सारलेली होती. काजळ ना भुंकली, ना गुरगुरली. सरळ हातावर आली. मी बादलीनं मारमारून तिला सोडवलं आणि कडी लावली."

"कारण?"

"कारण तो दानियल!" भूपेशचा आवाज चढला. "सरावात चावा झेलायला हेल्पर म्हणून ठेवला होता. रोज तिच्यासमोर चाबूक वाजवायचा, हातावर ती जाड स्लीव्ह घालून तिला चावायला लावायचा. चावायला शिकवलं, ती चावली. मी त्याला त्याच दिवशी फोन करून सांगितलं, पुन्हा मळ्यात पाय ठेवू नकोस."

भूपेशची बायको रुपा दारात उभी होती. काजळला दोन महिन्यांची असताना तिनेच मांडीवर घेऊन आणले होते. बँकेची नोकरी सांभाळून तीन वर्षे रोज पहाटे मैदानात तिनेच तिला चालवले होते. पुढच्या पंधरवड्यात नाशिकला कुत्र्यांच्या संरक्षण क्रीडेची चाचणी होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"फुई, ती कधी कुणाच्या अंगावर गेली नाही हो," ती एवढेच म्हणाली.

"माझी सहा वर्षांची पोर या घरात फिरते!" भूपेश म्हणाला. त्या वाक्यात मात्र खोट नव्हती. त्याची भीती खरी होती, हे तुळशीबाईंनी मनात टिपून ठेवले.

"हात दाखव."

"दवाखान्यात दाखवला की. सुया चालू आहेत."

"सुई मी द्यायची आहे, तर जखमही मीच पाहणार. पट्टी सोड."

डाव्या हाताच्या बाहेरच्या अंगाला, मनगट आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, सुळ्यांची चार भोके होती. दोन वर, दोन खाली. त्यांच्या मागे, जिथे दाढा बसतात तिथे, पिवळट पडलेले वळ होते. पण तिथली कातडी शाबूत होती. कुठे फाटलेले नाही, ओरबाडलेले नाही. चार खुणा, जणू कुणी मोजून केलेल्या.

तुळशीबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पाहिले. मग काढून ठेवलेली सुईची सीलबंद बाटली परत पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावले.

"संध्याकाळी सहापर्यंत ही कुत्री माझी आहे," त्या म्हणाल्या. "तोवर तिच्या केसालाही कुणी हात लावायचा नाही. सहा वाजता मी एक तर सुई देईन, नाही तर ती का देत नाही ते सांगेन."

२

पिंजरा गोठ्यालगत होता. काजळ बेल्जियन जातीची, अंगाने फिकट तांबूस आणि तोंडाने अशी काळी की कुणी काजळाचे बोट फिरवले असावे. तुळशीबाईंना पाहताच तिने कोपऱ्यातला फाटका चेंडू उचलला आणि जाळीशी आणून ठेवला.

शेजारी हिलाल वासराला चारा टाकत होता. साठी उलटलेला हा गडी तिथे भूपेशच्या वडिलांपासून होता. त्याच्याशी शुद्ध मराठीत बोलणे तुळशीबाईंनाही जमत नसे.

"हिलाल, त्या दिनले तू काय दखं?"

"मी दूध टाकाले गयथू, डाक्टरबाई. उनू ते भाऊ वट्टावर बशेल, हातले फडकं गुंडायेल. काजळ पिंजरामा व्हती, शेपटी हलाई ऱ्हायनी व्हती. माले तर वाटनं, कोनी तिले बक्षीसच दिधं."

"बादली कोठे व्हती?"

"जठे ऱ्हास तठे. मीच भरी गयथू. गच्च भरेल व्हती, एक थेंब सांडेल नही व्हता."

भरलेली बादली उचलून कुणी कुत्र्याला मारमारून सोडवत नाही. निदान एक थेंबही न सांडता नाही.

"अजून काही?"

"शे ना!" हिलाल वैतागाने म्हणाला. "पन ते कुत्रीनं नही, वासरूनं शे. त्याच दिनले वासरूनी झूल कोनी तरी उचली लई गया. चांगली तागनी गोणी फाडीसन मी शिवेल व्हती. थंडीना दिन! मंग मी मन्ही घोंगडी तेन्हा आंगवर टाकी दिधी. भाऊले सांगं, ते भाऊ मन्हावरच वरडना. घरमा कुत्री चावनी, आनि तुले झूल सुचस!"

"तुन्हं बरोबर व्हतं," तुळशीबाई गंभीरपणे म्हणाल्या, आणि हिलालला दहा दिवसांत प्रथमच कुणी तरी न्याय दिल्यासारखे वाटले.

"आनि दुसरा दिन पिंजरा झाडाले गऊ, ते घानमा धागाच धागा. सुतळी खाई गयी व्हती का काय, देव जाने."

तुळशीबाईंनी जाळीतून हात आत घातला. काजळने तो हुंगला, चाटला आणि नाकाने चेंडू पुढे ढकलला. त्यांनी तिचे ओठ वर करून दात पाहिले, पाठीवरून, फासळ्यांवरून बोटे फिरवली. उजव्या मांडीवर बोटे अडली. केसांखाली एक लांबट, बोटभर रुंदीचा वण होता. खपली पडून गेलेली. दहा-बारा दिवसांचा असावा.

बादलीचा मार असा लागत नाही. असा लागतो चाबकाचा.

मागे रुपा येऊन उभी राहिली होती. तिनेही तो वण पाहिला.

"म्हणजे दानियलनं खरंच मारलं होतं तिला?" ती पुटपुटली. "फुई, मी त्या माणसावर विश्वास ठेवला होता."

३

दानियलला बोलावणे गेले. तो नवापूरकडच्या डोंगरातून मोटरसायकलवर निघाला; त्याला यायला दोन-अडीच तास लागणार होते. त्याच्या आधी, कुणी न बोलावता, नवनीत आला.

नवनीत पुरुषोत्तमनगरला राहत असे आणि त्याच चाचणीची तयारी करत असे. त्याच्या गाडीत मागे एक धिप्पाड काळा कुत्रा काचेवर लाळ गाळत बसला होता.

"मावशी, मारू नका हो तिला," तो ओट्यावर बसता बसता म्हणाला. "मला देऊन टाका. आता तिच्यात राग आला आहे ना, आता ती कामाची झाली."

"आधी कामाची नव्हती?"

"मी तर भूपेशला तोंडावर बोललो होतो. चावण्याच्या आदल्या गुरुवारी इथेच सराव बघायला आलो होतो. काजळ स्लीव्ह पकडते, दानियल ती हातातून सोडून देतो, ही ती तोंडात धरून मैदानभर मिरवते! शेपटी वर! मी म्हटलं, 'ही कुत्री नही भो, बालवाडीनी पोर शे.' व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. लोक इतके हसले!"

"भूपेश हसला?"

"तो कसला हसतो." नवनीतने खांदे उडवले. मग काही आठवून म्हणाला, "त्या रविवारी सकाळी मी इथूनच धुळ्याला चाललो होतो. सात-सव्वासातचा सुमार. मैदानाकडून एकदाच मोठ्यानं 'सोड!' असं ऐकू आलं. नंतर शांत. मला वाटलं, दानियल सराव घेतो आहे. पण भूपेश म्हणतो, तिथं कुणीच नव्हतं."

रुपा आतून चहा घेऊन येत होती. तिने कप खाली ठेवले आणि नवनीतकडे वळून पाहिले.

चाबकाचा वण, आणि आता मैदानावरचा आवाज. नवनीत निघून गेला, पण त्याचे शब्द दानियलची वाट पाहत ओट्यावरच बसून राहिले.

दानियल दुपारी पोहोचला. तिशी ओलांडलेला, काटक, सावळा माणूस. पाठीला मोठी पिशवी. तो पायरीखालीच थांबला.

"वर ये."

"मला पाय ठेवू नको सांगितलं आहे, मॅडम."

"आज सहापर्यंत इथं माझं चालतं. वर ये आणि बस."

तो बसला. तुळशीबाईंनी त्याला लगेच काही विचारले नाही; आधी पाणी दिले.

"तू तिला राग शिकवलास, असा आरोप आहे."

"मी तिला राग शिकवलाच नाही," दानियल हळू आवाजात, पण ठामपणे म्हणाला. "मॅडम, कुत्रं दोन कारणांनी चावतं. एक ओढीनं. पळणारी वस्तू दिसली की तिला ती पाहिजे असते, ससा पाहिजे तशी. ते कुत्रं जबडाभर धरतं, घट्ट, शांत, आणि धरून ठेवतं. दुसरं कारण भीती किंवा राग. ते कुत्रं पुढच्या दातांनी चावतं, सोडतं, परत चावतं, फाडतं. त्याचा जीव पळण्यात अडकलेला असतो. काजळ पहिल्यातली आहे. तिला माणूस नको आहे, स्लीव्ह पाहिजे. म्हणून आम्ही स्लीव्ह तिला जिंकू देतो. लोकांना ते बघून हसू येतं."

"आणि चाबूक?"

"हवेत वाजवतो. आवाजानं तिची ओढ वाढते. अंगाला कधी लावला नाही. भूपेशभाऊ त्या गुरुवारी म्हणाले होते, खांबाला बांध, खरोखर मार, तिला एकदा चिडू दे. मी नाही म्हटलं. चिडलेलं कुत्रं चाचणीत कदाचित चालेल, घरात चालत नाही. घरात लेकरू आहे."

"मग तिच्या मांडीवर वण कसला?"

दानियलने झटकन मान वर केली. त्याला तो माहीत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर आधी धक्का आला, मग दुःख आले, आणि मग, तुळशीबाईंनी नेमके पाहिले, त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. त्याला काही तरी समजले होते आणि ते तो बोलणार नव्हता.

"रविवारी सकाळी सात वाजता तू कुठं होतास?"

"घरी. शुक्रवारी मी स्लीव्ह सोबत नेली होती. वरचं तागाचं कापड फाटलं होतं. प्रिस्किला, माझी बायको, नवीन शिवून देते. सोमवारी आणणार होतो. तेवढ्यात येऊ नको म्हणून फोन आला." त्याने पिशवीतून ती उशीसारखी जाड बाही काढली. वरचे गोणपाट कोरे करकरीत होते. त्यावर एकाही दाताची खूण नव्हती.

"एकच स्लीव्ह आहे?"

"एकच."

तुळशीबाईंनी प्रिस्किलाला फोन लावला.

"तो इथंच होता, बाई," पलीकडून ठसक्यात उत्तर आले. "सकाळी सुईत दोरा ओवून देत होता. अर्धा तास ओवत होता, त्याला ते पण येत नाही. आठ वाजता प्रार्थनेत त्यानंच वाचन केलं, शंभर माणसांनी ऐकलं. पास्टरना फोन लावून देऊ का?"

सात वाजता इथे तापीकाठी आणि आठ वाजता नवापूरच्या डोंगरात. तो रस्ता एका तासात कापणारे वाहन अजून निघालेले नव्हते.

"लावून दे," तुळशीबाई म्हणाल्या, कारण ऐकीव गोष्टीवर त्या कधी निकाल देत नसत. पास्टरनी दुजोरा दिला.

फोन ठेवून त्यांनी तापीच्या दिशेने पाहिले. उत्तर त्यांच्या हाती आले होते. ते त्यांना आवडले नव्हते.

४

साडेचार वाजता त्यांनी सगळ्यांना मैदानावर बोलावले. पपईच्या बागेपलीकडचा तो मोकळा तुकडा होता. मधोमध एक लाकडी खांब रोवलेला.

"काजळला लांब पट्टा लाव," त्यांनी रुपाला सांगितले. "पट्टा हातातून सुटता कामा नये. दानियल, स्लीव्ह घाल."

काजळचे कान उभे राहिले. दानियल नागमोडी पळाला, हात छातीसमोर आडवा धरला, आणि रुपाने पट्टा सैल सोडताच ती तांबडी रेघ मैदान कापत गेली. धप्पकन आवाज झाला. तिने जबडा पूर्ण उघडून, दाढांपर्यंत भरून स्लीव्ह पकडली आणि डोळे अर्धवट मिटून लटकून राहिली. ना गुरगुर, ना झटापट.

"सोड!" रुपा म्हणाली. काजळने तत्क्षणी सोडले.

"कुणाकुणाच्या आवाजावर सोडते ही?"

"तिघांच्याच. माझ्या, दानियलच्या आणि यांच्या," रुपाने भूपेशकडे हात केला. "दुसऱ्या कुणी गळा फाडला तरी ऐकत नाही. तशीच शिकवली आहे."

"आता पुन्हा पकडू दे. आणि दानियल, या वेळी स्लीव्ह हातातून काढून जमिनीवर टाक, आणि तिथंच उभा राहा."

तसे झाले. रिकाम्या हाताचा दानियल तिच्यासमोर दोन पावलांवर उभा होता. काजळने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने स्लीव्ह उचलली आणि मान ताठ करून मिरवत निघाली.

"ज्या कुत्र्याच्या मनात माणसाबद्दल वैर आहे," तुळशीबाई म्हणाल्या, "ते पडलेली बाही सोडून माणसाकडे वळतं. बरोबर ना, दानियल?"

"बरोबर, मॅडम."

"भूपेश, आता तू पुढं हो. हात खाली. तिच्यासमोर उभा राहा."

भूपेशच्या कपाळावर जानेवारीत घाम आला. "फुई, ती मला ओळखते... म्हणजे, माझ्यावर तिचा राग आहे."

"रुपाच्या हातात पट्टा आहे आणि मी इथं उभी आहे. हो पुढं."

तो गेला. दहा पावले. पाच. काजळ थांबली. तोंडात स्लीव्ह तशीच. तिने भूपेशकडे रोखून पाहिले. रुपाने पट्टा दोन्ही हातांनी आवळला. दानियल पुढे सरसावण्याच्या बेतात होता. भूपेशने डोळे मिटले.

काजळ चालत त्याच्यापाशी आली, स्लीव्ह त्याच्या पायांवर ठेवली, दोन पावले मागे सरून बसली आणि वर पाहत एकदाच, लहान मूल हट्ट करते तशी, भुंकली.

पुन्हा खेळ.

भूपेशने डोळे उघडले. खाली पाहिले. आणि तो तिथल्या तिथे मातीत बसला.

५

"दानियल, हिलालकडे जाऊन चहा घे," तुळशीबाई म्हणाल्या. "रुपा, तू थांब. काजळलाही थांबू दे. तिचाच निकाल आहे."

दानियल पपईआड गेल्यावर त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

"मी सांगते. चुकलं तर मला अडव.

"पहिली गोष्ट जखम. चार सुळे खोल गेले, पण दाढांनी नुसते वळ उठवले. म्हणजे पकड जबडाभर होती, आत्ता पाहिलीस तशी. उघड्या हातावर अशी पकड बसती, तर दाढांनीही कातडी फोडली असती, कदाचित हाडही. हातावर काही तरी जाड होतं. आणि चावा पाणी देणाऱ्या पंजावर नाही, छातीसमोर आडव्या धरलेल्या हातावर आहे. तसा हात हेल्पर धरतो.

"दुसरी गोष्ट, फाटलेलं कुठंच नाही. मारून सोडवलेलं कुत्रं मांस घेऊन सुटतं. तिला मारून सोडवलं नाही. तिला 'सोड' म्हटलं आणि तिनं सोडलं. नवनीतनं ते रस्त्यावरून ऐकलं. त्या शब्दाचे मालक तीनच. रुपा प्रकाशाला होती, दानियल नवापूरला.

"तिसरी गोष्ट, काजळच्या पोटातून तागाचे धागे पडले. स्लीव्ह शुक्रवारपासून इथं नव्हती. पण त्याच सकाळी वासराची झूल गेली, आणि हिलालनं विचारल्यावर तू त्याच्यावर ओरडलास. एवढ्याशा गोणपाटासाठी तू गड्यावर कधी ओरडत नाहीस.

"तुला स्लीव्ह मिळाली नाही, म्हणून तू झूल दुमडून हातावर गुंडाळलीस. हिला या खांबाला बांधलंस. आणि चाबूक घेतलास."

भूपेश मातीकडे पाहत होता. तो बोलला तेव्हा त्याची शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली होती.

"मी तिले मारं, फुई. दोनदा मारं. समदा हसनात ना... माले वाटनं, एकदा तरी तिनी गुरगुर कराले पाहिजे. साखळीना आकडा निसटना आनि ती उनी. माले वाटनं, मीच तिन्हा डोकामा राक्षस घाली दिधा. मन्ही पोर घरमा शे, फुई. आते ती राक्षसनं काय करू? रुपाले सांगू कसं? तिले मी वचन देयेल व्हतं, चाबूक लावाव नही."

तेव्हा रुपा बोलली. "तुम्ही माले सांगं अस्तं, ते मी काय तुम्हले खाई टाकती? दहा दिन मी त्या दानियलले मनमा शिव्या देयी ऱ्हायनू! आनि हाई मुकं जनावर मराले टेकनं!"



तुळशीबाईंना आयुष्यात पुष्कळ खोटे बोलणारे भेटले होते. बहुतेक फायद्यासाठी बोलत. हा भीतीने आणि लाजेने बोलला होता, आणि स्वतःच्या हाताने केलेले पाप दुसऱ्या जिवाच्या मरणाखाली पुरायला निघाला होता. त्याला माफ करणे सोपे नव्हते. पण त्याला दोन वर्षांचा असताना त्यांनीच घोड्यावर बसवले होते, आणि तेव्हाही तो पडल्यावर घोड्यालाच दोष देई.

त्या त्याच्याजवळ गेल्या आणि पेटी बाजूला ठेवून, गुडघ्यांचा त्रास असूनही, मातीत बसल्या. शुद्ध मराठी त्यांनीही सोडली.

"आयक, भाऊ. तू तिले चिडावाले गया. बांधं, मारं, वरडना. आनि तिनी काय करं? तिले वाटनं, मालक आज नवा खेळ खेळी ऱ्हायना. गोणपाट दखं, जबडाभर धरं, तू सोड म्हनताच सोडी दिधं. राग असता, ते तिनी सोडं नसतं. तुन्हा हात आज ऱ्हाता नही. तू राक्षस घालाले निंघना व्हता, पन तुले ते जमनंच नही. तुन्हं नशीब."

भूपेश रडला. त्याच्या रडण्याचा आवाज ऐकून काजळने स्लीव्ह सोडली, उठून आली आणि त्याच्या काखेत नाक खुपसले. तिला अजूनही खेळ हवा होता, की आणखी काही कळले होते, हे ठरवण्याचा प्रयत्न तुळशीबाईंनी केला नाही. जनावराच्या मनात जेवढे दिसते तेवढेच वाचावे, असा त्यांचा दंडक होता.

थोड्या वेळाने त्या उठल्या. पेटी उचलली, आणि पेटीबरोबर शुद्ध मराठीही परत आली.

"आता निकाल. सुई देणार नाही. पण ती खेळणं नाही, हेही लक्षात ठेवा. आज तिला गोणपाट म्हणजे स्लीव्ह वाटते. उद्या चेतना गोणी पांघरून पळाली तर? मैदानावर, रुपाच्या हुकमावर, दानियलच्या हातावर, एवढंच चावायचं, हे ती शिकेपर्यंत घरात तागाची एक चिंधीही नको आणि पिंजऱ्याला कुलूप. हे शिकवणारा माणूस जिल्ह्यात एकच आहे. त्याला तू दारातून हाकललास आणि दहा दिवस बदनाम केलंस."

"मी त्याची माफी मागतो, फुई."

"माझ्यासमोर नको. त्याच्यासमोर माग, हिलाल ऐकेल अशी. आणि नवनीतच्या त्या ग्रुपवर तूच लिही, काय घडलं ते. दानियलला सगळं दुपारीच कळलं होतं. तुझी लाज राखायला तो गप्प बसला."

भूपेश उठला. कपडेही न झटकता पपईच्या ओळींतून चालू लागला. अर्ध्या वाटेवर, पंपाच्या खोलीमागे, तो थांबला, वाकला आणि दगडाखालून चिखलाने माखलेली, भोके पडलेली, धागे निघालेली गोणपाटाची झूल काढली. ती हातात घेऊन तो गोठ्याकडे गेला. दुरून शब्द ऐकू येत नव्हते. दानियल खाटेवरून उठून उभा राहिलेला दिसला. भूपेशने हात जोडलेले दिसले. दानियलने ते जोडू न देता मध्येच धरलेले दिसले.

मग हिलालचा आवाज मात्र साऱ्या मळ्यात स्पष्ट घुमला.

"भाऊ, ते समदं ठीक शे! पन हाई झूल आते कोन शिवी?"

दहा दिवसांत रुपा पहिल्यांदा हसली. पट्टा मनगटाभोवती गुंडाळून ती काजळला पिंजऱ्याकडे घेऊन निघाली.

तुळशीबाईंनी घड्याळ पाहिले. सहाला पाच मिनिटे होती. ओट्यावर येऊन त्यांनी पेटी उघडली, सीलबंद बाटली उजेडात धरून एकदा पाहिली आणि पेटीच्या तळाशी, इतर औषधांच्या खाली ठेवून दिली.

"भूपेश!" त्यांनी हाक मारली. गोठ्याकडून तो धावत आला. डोळे लाल, पण पाठ सरळ.

"दवाखान्यातली तुझी पुढची सुई कधी आहे?"

"चार दिवसांनी, फुई. पण काजळ तर धडधाकट आहे, आता कशाला?"

"ते डॉक्टर ठरवतील, तू नाही. मी स्वतः तुला घेऊन जाणार आहे," तुळशीबाईंनी पेटीला कुलूप लावले. "या घरात सुई घ्यायची पाळी आता फक्त तुझी राहिली आहे."